आगोट अर्धवट, पाऊस दारात : भिजल्या मातीत भाज्या लावायच्या कशा

२०२५ चा मे आठवतोय ना? २४ तारखेला मान्सून केरळात, २५ ला देवगडपर्यंत आणि २६ ला थेट मुंबईत. आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात तर त्याच्या आधीच चार-पाच दिवस कोसळायला लागला होता आणि आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, कामं सगळी पडून. लाकडं अर्धी खळ्यात भिजतायत, आंब्याच्या पेट्या पडवीत, मांडवाच्या मेढी (खांब) अजून तोडायच्याच आहेत, वेलांची आळी (बी लावायचे खड्डे) भाजायची राहिलीयत, शेणखताचा ढीग उघडा. मी काय केलं, तर छत्री घेऊन परसात गेले आणि चिखलातच आळी खणून बिया टोचून मोकळी झाले. पडवळ, शिराळी (दोडकी), काकडी, भेंडी, सगळं एका दुपारात. सासूबाई मागच्या दारातनं बघत होत्या, म्हणाल्या, "अगो, भात लावत्येस की पडवळ?"

दहा दिवसांनी उकरून बघितलं तर बी बोटात घेतल्या घेतल्या चिरडलं, आत नुसता पांढरा, घाण वासाचा लगदा. चार भेंड्या उगवल्या तेवढ्याच. मग जूनच्या सुरुवातीला उघडीप मिळाली तेव्हा सगळं पहिल्यापासून केलं आणि ते नीट झालं. त्या दुसऱ्या वेळेला काय काय केलं ते लिहितेय. दरवर्षी कोणाचं ना कोणाचं मेचं काम राहतंच, आणि पाऊस काही आपल्यासाठी थांबत नाही.

पहिली गोष्ट, भिजल्या मातीत कुदळ घालायची नाही. शब्द आपल्याकडे आहेच, वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही, खणण्याजोगी. वाफसा आला का हे बघायला मूठभर माती घ्या, दाबा, गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरनं सोडा. पडून फुटला, भुगा झाला तर खणायला हरकत नाही. तसाच थपकन बसला किंवा दाबताना बोटांतनं पाणी आलं तर घरात जाऊन चहा प्या. आमच्या जांभ्याच्या मातीला दोन-चार तास ऊन मिळालं तरी वाफसा येतो, घाटावरच्या काळ्या मातीला चार-चार दिवस लागतात, कधी जास्तच. ओली माती खणली, तुडवली की तिच्यातली हवा जाते आणि वाळल्यावर वीट होते. पावसात बी मरतं ते हवा न मिळाल्यामुळे, पाणी काय सगळीकडे आहेच.

तोपर्यंत हात बांधून बसायचं नाही, पाणी काढून द्यायचं काम पावसातच होतं. उलट पावसातच नीट कळतं पाणी कुठनं येतं आणि कुठे तुंबतं. आम्ही तर भर सरीत इरलं, आता प्लास्टिकचं, घेऊन परसात एक फेरी मारतो आणि जिथे पाणी उभं राहिलंय तिथे काठी रोवून ठेवतो. पाऊस थांबला की त्या काठ्यांवरनं चर पाडायचे, वीतभर रुंद आणि वीतभर खोल, उताराच्या दिशेने, शेवट गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) भोकातनं बाहेर. हिशोब करून बघा, १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर पाणी. आमच्याकडे दिवसाला १५० मिलिमीटर पडणं काही नवलाचं नाही, म्हणजे ३ मीटर बाय ४ मीटरच्या तुकड्यावर १८०० लिटर, २०० लिटरची नऊ पिंपं. ती एका दिवसात कुठेतरी जायला पाहिजेत. आणि पागोळ्यांखाली काहीही लावू नका, छपराचं सगळं पाणी तिथे एका रेषेत पडतं आणि रोप मुळासकट उपटून जातं. अपवाद अळू. अळू मोरीच्या पाण्यावर, पागोळीच्या चरात, चिखलात कुठेही लावा, खूश असतं. बाकी कोणाला पाय ओले ठेवायला आवडत नाही.

आता आळ्याबद्दल. नेहमीच्या वर्षी मेमध्ये आपण खड्ड्याचं आळं करतो, त्यात पातेरा, म्हणजे पालापाचोळा, टाकून भाजतो, राख तशीच ठेवतो, वर शेणखत आणि माती. कोरड्या दिवसांत हे उत्तम, किडीची अंडी-बिंडी जळतात आणि आमच्या आंबट मातीला राख मिळते. पण पाऊस सुरू झाल्यावर खड्डा केलात तर ती विहीर होते. म्हणून उलटं करायचं, खड्ड्याऐवजी उंचवटा. आजूबाजूची माती ओढून फूटभर उंच ढीग करा, खाली तीन फूट, वर दीड-दोन फूट सपाट. वरच्या भागात दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि चुलीतली कोरडी राख दोन-तीन ओंजळी मिसळा. बाजू हाताने थापून घट्ट करा आणि त्यांच्यावर वाळका पातेरा नाहीतर गवत टाका, नाहीतर पहिल्याच सरीत माती वाहून ढिगाची पोळी होते. दोन उंचवट्यांत चार-पाच फूट अंतर. भेंडी-चवळीसाठी असेच लांब वरंबे.

शेणखत कुजलेलं हवं म्हणजे हवंच. काळं, भुसभुशीत, मातीसारखा वास. ताजं शेण घातलंत तर हुमणीला, मुळं खाणाऱ्या किडीला, आमंत्रण. तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतनं बाहेर येतात, कडुनिंब-बोरीवर बसतात आणि अंडी घालायला अशा जागा शोधतच असतात. दिव्याखाली पाण्याचं घमेलं ठेवलंत तर ढिगाने सापडतात, कोंबड्यांना द्या. आणि खताचा ढीग उघडा असेल तर आत्ताच्या आत्ता झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा ताडपत्री टाका, भोवती चर मारा. खताचं सगळं सत्त्व काळ्या पाण्यातनं शेजाऱ्याच्या माडाला जातं, आमच्या शेजारच्या काकांचे माड त्या वर्षी फार सुंदर दिसत होते.

बियांचं. वेलवर्गीय बिया सरळ जमिनीत टोचायचा हट्ट सोडा. पडवीत नाहीतर ओट्यावर कागदी कप घ्या, तळाला तीन-चार भोकं, त्यात माती, वाळू आणि शेणखत सारखं सारखं. एका कपात एक बी, बोटाचं पहिलं पेर अर्धं जाईल इतकंच खोल. उन्हाळ्यात पडवळ-कारल्याचं बी आपण रात्रभर भिजवतो कारण साल जाड असते, पण असल्या दमट हवेत मी फक्त कारल्याच्या टोकाला नेलकटरने जराशी टोचणी देते आणि बाकी काही भिजवत नाही. बियांना ट्रायकोडर्मा पावडर (बी कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळली तर बरंच, किलोला चार-पाच ग्रॅम लागते म्हणजे आपल्या चमचाभर बियांना चिमूट पुरे. माती ओलसर, चिकट नाही. १२ ते १५ दिवसांत खरी दोन पानं आली की कपासकट नेऊन, कप फाडून, मातीचा गोळा न मोडता उंचवट्यावर लावायचं. काकडी-पडवळाची मुळं दुखावलेली त्यांना चालत नाहीत, दोन पानांपेक्षा जास्त थांबू नका. लावायचं ते संध्याकाळी किंवा रिपरिप चालू असताना. धो-धो सरीत नको आणि मध्येच लख्ख ऊन पडतं त्या दुपारीही नको.

कुठलं बी घ्यावं? घरचं असेल तर घरचंच. आमच्याकडे तवशाच्या (मोठ्या पावसाळी काकडीच्या) बिया राखेत घोळवून चुलीमागच्या भिंतीला थापलेल्या असतात, धूर लागतो त्यामुळे कीड नाही. विकत घ्यायचं तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे वाण आपल्या पावसासाठीच काढलेले आहेत, काकडीत शीतल, पडवळात कोकण श्वेता, शिराळ्यात कोकण हरिता, कारल्यात कोकण तारा, चवळीत कोकण सदाबहार. भेंडीला परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो रोग यांना कमी. पाकिटावर रंगीत फोटो बघून घेऊ नका, तारीख बघून घ्या.

कधी लावायचं याचा माझा हिशोब पंचांगातनं उलटा चालतो, ऋषिपंचमीपासून मागे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून हाताने खणलेल्या परसातली भाजी लागते, अळू, भेंडी, पडवळ, शिराळं, लाल भोपळा, माठ, सुरण, मक्याची कणसं. काकडी-भेंडीला पेरल्यापासून साधारण ४५ ते ५० दिवस, शिराळं-पडवळ-कारल्याला दोन महिने, लाल भोपळ्याला तीन महिन्यांच्या वर. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला होते, म्हणजे मृगावर, ७-८ जूनला पेरलेलं पडवळ अगदी वेळेवर आलं आणि भोपळा मात्र बाजारातनं आणावा लागला. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला, अठरा दिवस जास्तीचे मिळतात, मृग हुकला तरी आर्द्रापर्यंत वेलांना हरकत नाही. त्याच्यापुढे तरणा-म्हातारा (पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांचा जुलैतला पाऊस) लागला की कोवळी रोपं जगवणं हे काम राहत नाही, शिक्षा होते.

थेट जमिनीत टोचायला भेंडी, चवळी, मका चालतात, फक्त वरंब्याच्या माथ्यावर नाही आणि दोन वरंब्यांमधल्या सरीतही नाही, मध्ये उतारावर. एका जागी दोन-दोन बिया, भेंडीला फूटभर अंतर. हळद आणि आलं खरं तर मेचं काम, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरका, दोन डोळ्यांचा तुकडा, राखेत बुडवून, उंच वाफ्यावर आणि लगेच वर हिरव्या पाल्याचं जाड पांघरूण. त्याच्यानंतर लावलेलं आलं कुजतं, मी दोनदा करून बघितलंय.

मिरची-वांग्याची रोपं करायची असतील तर गादीवाफा मीटरभर रुंद आणि वीतभर उंच, बी ओळीत आणि विरळ, दोन ओळींत चार बोटं. फेकून पेरलं की दाट होतं, दाट झालं की हवा खेळत नाही आणि एका रात्रीत रोपं मानेतनं मोडून आडवी, जणू कोणी झोपवलीयत. वर कामट्यांची कमान करून प्लास्टिक टाका, पण दोन्ही तोंडं उघडी ठेवा आणि उघडीप पडली की प्लास्टिक वर गुंडाळा. रोपं कोलमडायला लागलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला अडीच-तीन ग्रॅम घेऊन बुडाशी ओता. टोमॅटो? कोकणात उघड्यावर पावसाळी टोमॅटोच्या नादी लागू नका. मेथी-कोथिंबीरही नको, हवीच असेल तर पडवीत क्रेटमध्ये. माठ मात्र येतो. त्याचं बी मोहरीहून बारीक, वाळूत मिसळून पेरायचं आणि उगवेपर्यंत वर माडाची झावळी आडवी टाकून ठेवायची म्हणजे पावसाच्या थेंबाने बी उडत नाही. चौथ्या दिवशी झावळी काढायला विसरलात तर माठ पांढराफटक, लांबुडका, झावळीच्या फटीतनं मान काढून बसलेला सापडेल. २५-३० दिवसांत भाजी.

मांडव. हा कोरड्यातच घालायचा असतो पण राहिलाय तर राहिलाय. ओल्या जमिनीत पहार सर्रकन जाते, बरं वाटतं, पण मेढ तितकीच सहज हलते. दीड-दोन हात खोल घ्या आणि भोवती जांभ्याच्या चिपा ठोकून बसवा, नुसती माती भरू नका. मेढी ऐनाच्या मिळाल्या तर झकास, गाडायचं टोक जरा जाळून घ्या. पांगाऱ्याच्या ओल्या मेढी घातल्यात तर त्या पालवतात, मग पडवळापेक्षा मांडवच जास्त वाढतो! वर चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्या आडव्या-उभ्या, बांधायला काथ्याचा सुंभ. सुतळी गणपतीपर्यंत कुजून हातात येते. उंची आपण वाकल्याशिवाय खालनं जाऊ एवढी. नायलॉनची जाळी स्वस्त आणि झटपट आहे हे खरं, पण जमिनीपर्यंत सोडू नका, साप अडकतो त्यात, आमच्याकडे धामण अडकली होती, कात्रीने एक-एक गाठ कापून सोडवायला सर्पमित्राला तास लागला.

सापावरनं आठवलं, पातेऱ्यात आणि दगडाखाली फुरसं, हा विषारी साप, असतंच असं धरून चाला. पातेरा हाताने उचलू नका, आधी काठीने ढवळा, पायात गमबूट. पायाला चीर किंवा जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उघड्या पायाने उभं राहू नका, आमच्या भागात पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातनं जखमेवाटे होणारा ताप) पेशंट असतातच. ताप आला आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना परसातल्या पाण्याबद्दल आपणहून सांगा.

रोपं लावली की पहिल्या रात्री गोगलगायी. सकाळी बघावं तर दांडीच शिल्लक आणि मातीवर चकचकीत रेघ. राख-चुना टाका म्हणतात, पण पावसात अर्ध्या तासात धुऊन जातं. आमचा उपाय गोणपाट. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याशेजारी टाका, त्याखाली कोबीची पानं किंवा पपईच्या साली, पहाटे बॅटरी घेऊन उलटा, मुठीने सापडतात, मिठाच्या पाण्यात टाका. हाताला पिशवी गुंडाळून. सलग आठ दिवस केलं की फरक कळतो, दोन दिवस करून सोडलं तर काही उपयोग नाही. काकडी-भोपळ्याच्या पहिल्या दोन पानांवर तांबडे भुंगेरे येतात, ते सकाळी थंडीने सुस्त असतात तेव्हाच वेचायचे, नऊ वाजले की उडतात.

खत एकदम घालायचं नाही. पावसाने नत्र खाली वाहून जातं, मग पानं पिवळी आणि आपण अजून घालतो. दर पंधरा दिवसांनी ओंजळभर शेणखत किंवा गांडूळखत, बुंध्यापासून वीतभर लांब, आणि त्याच वेळी उघडी पडलेली मुळं मातीने झाकायची. ही मातीची भर विसरू नका, पावसाळ्यात आठवड्याला बोटभर माती जातेच.

जुलैत वेल मांडवावर, फुलं भरपूर आणि फळ धरत नाही अशी तक्रार सगळ्यांची. झड लागली की मधमाश्या बाहेरच पडत नाहीत. मग आपणच माशी व्हायचं. मादी फुलाच्या मागे चिमुकलं फळ असतं, नर फुलाला नुसता देठ. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे करायच्या आणि मादीच्या मधोमध हलकेच घासायचं. वेळ महत्त्वाची. काकडी, कारलं, भोपळा सकाळी. शिराळी आणि दुधी मात्र संध्याकाळी उमलतात, पडवळ तर रात्र पडताना, त्यामुळे सकाळी आठला दुधीपाशी जाऊन काही होत नाही. मी दिवेलागणीला एका हातात छत्री आणि कानाशी धरलेली बॅटरी घेऊन हे करते, रस्त्यावरनं जाणाऱ्याला वाटत असेल बाई काय शोधतेय.

फळ धरलं की फळमाशी. इथे एक चूक बरेच जण करतात, मेमध्ये आंब्याला लावलेला सापळा तसाच उचलून कारल्याच्या मांडवात टांगतात. त्यात मिथाइल युजेनॉल असतं, त्याला आंब्याची माशी येते. वेलभाज्यांची माशी वेगळी, तिला क्यू ल्यूरची गोळी लागते. डबा तोच चालेल, गोळी बदला, पाणी आत जाणार नाही असा टांगा. यात नरच सापडतात, म्हणून डागी फळं रोज गोळा करून पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका, तिथेच परसात फेकलीत तर सगळा खटाटोप फुकट. कोवळ्या कारल्यांना मी वर्तमानपत्राची पुडी बांधते, पाऊस लागला की लगदा होतो, पण त्या चार दिवसांत फळ जरा जून होतं तेवढंही पुरतं.

कुंडीवाल्यांसाठी थोडक्यात, खालची ताटली काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा, भोक बुजलं नाही ना ते तारेने बघा आणि नुसती बागेतली लाल माती भरू नका, एक तृतीयांश वाळू किंवा कोकोपीट घाला. गॅलरीत पाऊस तिरका येतो तिथे काकडी चालते, भेंडी वाऱ्याने मोडते.

पडवळ मांडवातनं वीतभर लोंबायला लागलं की त्याच्या टोकाला सुपारीएवढा दगड सुताने बांधा, नाहीतर ते वळत वळत गुंडाळी होतं. सूत सैल बांधा, फळ जाड होतं. आणि त्या मांडवाखालनं जाताना डोकं सांभाळा, गेल्या खेपेला एका सकाळी मलाच तीन दगड लागले.